डोंगरीवरचा डबा

संघदीप शहारेच्या प्रोग्रॅमवर भरवसा ठेवून लोक कुठल्या कुठल्या देशांत डोंगर चढत, नाल्यांत उतरत. त्याला स्वतःला मात्र घरापासून नवेगाव बांधच्या बसस्टँडपर्यंत जायचं म्हटलं तरी वाटेत कुणाच्या तरी ओट्यावर टेकावं लागे. उजव्या खुब्याचं हाड आतून खलास झालं होतं. वय अवघं एकतीस.

दुखणं जन्माचं होतं. लहानपणी त्याच्या हातापायांची बोटं सुजून येत आणि तो रडून रडून निळा पडे. पुढं गावात सिकलसेलची तपासणी करणारे आले. बाप खुशाल आणि आई लीलाबाई, दोघांच्या हातात पिवळं कार्ड पडलं आणि पोराच्या हातात लाल. पिवळं म्हणजे दोष रक्तात आहे, पण त्रास नाही. लाल म्हणजे खुद्द आजार. थंडी बाधली, पाणी कमी पडलं, मनाला घोर लागला, काहीही निमित्त व्हायचं आणि रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन नसांत अडकायच्या. मग कुणी हाडांत सळ्या ठोकाव्यात तसं दुखायचं. त्यातच तो शिकला, गोंदियाला इंजिनिअरिंगला गेला, आणि दुसऱ्या वर्षी नागपूरच्या दवाखान्यात असा आडवा पडला की कॉलेज सुटलं ते सुटलंच.

त्या दवाखान्यातल्या खाटेवर, कूसही वळता येत नसताना, फोनवर काहीबाही वाचता वाचता त्याला तो खेळ सापडला. जिओकॅशिंग. कुणीतरी एक डबा कुठंतरी लपवतो, पुलाखाली, खडकाच्या कपारीत, झाडाच्या ढोलीत, आणि त्या जागेचे उपग्रहाच्या मापातले आकडे जगाला सांगतो. ज्याला हौस असेल त्यानं फोन घेऊन जावं, डबा शोधावा, आतल्या वहीत नाव लिहावं आणि डबा होता तिथं ठेवून द्यावा. एवढंच. शोधून आलेले लोक आपली हकीकत लिहीत. बर्फातून कसे गेलो, बूट कसा वाहून गेला, डबा हाताला लागला तेव्हा पाऊस कसा थांबला. संघदीप सलाईन लावल्या हातानं त्या हकिकती वाचत राहिला. दुसऱ्याचे पाय उसने घेऊन हिंडल्यासारखं वाटायचं त्याला.

घरी आल्यावर त्यानं या खेळासाठी कुणीतरी अर्धवट सोडून दिलेला एक प्रोग्रॅम उघडला आणि त्यातल्या चुका काढायला बसला. वर्षभरात त्यानं स्वतःचाच नवा लिहिला. हलका, साध्या फोनवर चालणारा, इंटरनेट नसेल तिथंही नकाशा दाखवणारा. फुकट, आणि आतलं सगळं काम उघडं. कुणीही पाहावं, कुणीही सुधारावं. नाव ठेवलं ‘खूण’. इंग्रजी अक्षरांत ते के-एच-डबल ओ-एन असं झालं. त्यात काही वावगं आहे हे तेव्हा कुणाच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं. वापरणारे सगळे परदेशातले.

“म्हंजे डबा लपवाचा, आनि मंग सांगाचं का इथं लपवला म्हनून?” खुशालनं विचारलं होतं. बसस्टँडला लागून त्याचं पंक्चरचं दुकान होतं. टिनाचे पत्रे, पाण्याचं घमेलं, हवेची मशीन आणि खिळ्यांना टांगलेल्या जुन्या ट्यूबा.

“हो बाबा.”

“आनि डब्यात काय रायते?”

“काहीच नाही. पेन्सिल, वही. एखादं खेळणं.”

खुशाल ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत राहिला. “मंग कायले शोधतेत?”

ते काही त्याला पटलं नाही. तरी खुशालनं दुकानाच्या मागची अर्धी खोली त्याला मोकळी करून दिली, टेबल ठोकून दिलं, आणि ‘पोरगा काय करते’ असं कुणी विचारलं की “कंप्युटरचं बाहेरदेशाचं काम हाय” असं सांगून तो टायर काढायला लागायचा. पोटापुरतं मिळायचं ते संघदीप लोकांच्या वेबसाइटी दुरुस्त करून मिळवी. पण जीव अडकला होता खूणमध्ये. रोज सकाळी लॅपटॉप उघडला की कुणाची तरी तक्रार, कुणाची तरी सूचना, कुणाचं तरी आभाराचं एक वाक्य. फिनलंडातली योहाना नावाची शाळेत गणित शिकवणारी बाई सुरुवातीपासून त्याच्याबरोबर काम करत होती. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण ताप किती आहे हे तो आईच्या आधी तिला सांगायचा.

खूणमध्ये एक खोट होती. दाट झाडीत उपग्रहाचा संदेश पानांवर, खडकांवर आपटून येतो आणि फोनवरचा बाण येड्यासारखा फिरायला लागतो. संघदीपनं त्यावर एक तोड काढली. एकाच जागेची पुष्कळ मापं घ्यायची आणि त्यातली बहकलेली ओळखून टाकून द्यायची. कागदावर ती बरोबर होती. पण तपासायला खरा डबा पाहिजे होता, खरं जंगल पाहिजे होतं, आणि वेगवेगळ्या ऋतूंत पुन्हा पुन्हा तिथं जाणारे पाय.

“मी जातो ना,” खुशाल म्हणाला. “दुकान उघडाच्या पह्यले एक चक्कर. त्यात काय?”

गावाबाहेर, अभयारण्याच्या हद्दीपासून दूर, ऐन आणि मोहाच्या झाडांनी भरलेली एक डोंगरी होती. गावातली गुरं तिकडं चरत, बायका मोहफुलं वेचत. पोरवयापासून खुशालच्या पायाखालची. दोन चाचण्या आधी घराजवळ झाल्या होत्या, एक परसातल्या पेरूखाली आणि एक दुकानामागं. ही तिसरी. खुशालनं प्लॅस्टिकचा डबा घेतला, आत पाणी जाऊ नये म्हणून मोटारसायकलच्या ट्यूबचं काळं रबर त्याला चारी बाजूंनी गुंडाळलं, सोल्युशननं चिकटवलं, वरून टेप मारला. काम असं चोख केलं की बुडवला तरी बुडबुडा येऊ नये. त्यावर संघदीपनं इंग्रजीत छापलेली चिठ्ठी लावली. खूण, टेस्ट, तीन. फोटो पाहून योहानाला कळावं म्हणून.

वनखात्याची परवानगी काढायची हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. डबा खेळात नोंदवायचा नव्हता, जगाला सांगायचा नव्हता. घरचीच गोष्ट वाटली.

खुशालला मग या कामाची गोडी लागली. थैलीत जुना फोन टाकून तो सकाळी निघे, डोंगरी चढे, डब्याजवळ बसून मापं घेई. आल्या आल्या फोन पोराच्या हातात देऊन विचारी, “पाय बरं, आज बान सरका चालला का?” सरळ चाललेला असला की दिवसभर खुशीत असायचा. संघदीपला वाटे, आपल्या दुखण्यानं या माणसाला आजवर फक्त दवाखान्याच्या पायऱ्या दाखवल्या. पहिल्यांदाच आपलं काहीतरी त्याच्या आनंदाचं झालं.

जानेवारीतली थंडी होती. सव्वीस तारीख जवळ आली म्हणून गस्त वाढली होती, आणि कुठंतरी नक्षलवाद्यांची लाल अक्षरांतली पत्रकं सापडल्याची बोलवा होती. त्या सकाळी खुशाल गेला तो दुकान उघडायची वेळ टळली तरी आला नाही. शेजारचा चहावाला मुन्नालाल धावत घरी आला. धापेनं त्याला नीट बोलताही येईना.

“संघदीप, अरे तेरे बाबा को... पोलिसानं धरलं रे खुशालभाऊले! डोंगरीवर! बम भेटला म्हनते!”

लीलाबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. सगळे तांदूळ अंगणभर.

“बम नाही तो,” संघदीप ओरडला. “डबा होय. माझा डबा होय.” आणि ओरडता ओरडताच त्याला तो डबा जसा त्या शिपायांना दिसला असेल तसा दिसला. झुडपात लपवलेला, काळ्या रबरात गच्च बांधलेला, टेप मारलेला.

मुन्नालालनं ऑटो आणला आणि मायलेक चौकीत पोचले. चौकीच्या आवारात गाड्या लागल्या होत्या, बंदुका घेतलेले जवान उभे होते. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि त्यातून संघदीपला बाप दिसला. भिंतीला टेकून जमिनीवर बसलेला, गुडघे छातीशी. त्यानं वर पाहिलं, पोराला ओळखलं आणि मान खाली घातली.

साहेब वयानं तरुण होता, पश्चिमेकडचा कुठला तरी, बोलणं स्वच्छ. त्यानं फोनवरचा फोटो समोर धरला. “हे काय आहे?”

संघदीपनं सांगायला सुरुवात केली. उपग्रह, आकडे, खेळ, डबा, वही. स्वतःच्याच कानांना ते खोटं वाटत होतं.

“हा खेळ इथं कोण कोण खेळतं?”

“इथं कोणीच नाही, साहेब.”

“मग डबा कुणासाठी ठेवला?”

“तपासायला. प्रोग्रॅम तपासायला.”

“तुमच्या वडिलांच्या फोनमध्ये त्या एकाच डोंगरीची शेकडो मापं आहेत. तिथून आमची गाडी रोज जाते, ठाऊक आहे?” साहेबानं फोटो मोठा केला. “आणि यावर खून का लिहिलंय?”

“खून नाही साहेब, खूण! ण! बाणातला ण!”

“वडिलांना विचारलं मी. ते म्हणाले, खूनच आहे. माझ्या पोराची आहे.”

बाप खोटं बोललाच नव्हता. गावात ण कुणाच्या जिभेला वळत नाही. पानी, कोन, बान, तशी खून. साहेबानं पुन्हा विचारलं असेल, आणि खुशालनं पुन्हा तेच, अदबीनं, ‘हो जी, खूनच होय’ म्हणून सांगितलं असेल.

“टेस्ट तीन,” साहेब हळूच म्हणाला. “एक आणि दोन कुठं आहेत?”

तेवढ्यात गावच्या तलावापलीकडून, डोंगरीच्या बाजूनं धडाका झाला. चौकीची तावदानं थरथरली. तलावावरचे पक्षी एकदम उठले आणि त्यांच्या कलकलाटानं आभाळ भरून गेलं. बॉम्बशोधक पथकानं डबा लांबूनच उडवला होता. लीलाबाई कानांवर हात ठेवून व्हरांड्यात मटकन बसली. आतून खुशालचा आवाज आला, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. “पेन्सिल होती जी त्यात. पेन्सिलच होती.”

दुपारी पोलीस घरी आले. संघदीपनं सांगितलं तशी पेरूखालची जमीन खणली, दुकानामागची खणली. काही निघालं नाही, आणि काही न निघाल्यानं संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला. लॅपटॉप उघडला तर त्यात जगभरातल्या लाखो जागांचे आकडे. लॅपटॉप गेला, संघदीपचा फोन गेला, मापं लिहिलेले कागद गेले. गल्लीतली माणसं आपापल्या दारात उभी राहून पाहत होती. जवळ कुणी आलं नाही. खुशालला पुढच्या चौकशीसाठी गोंदियाला नेणार असं कळलं, तेव्हा संघदीप काठी टेकत पुन्हा चौकीत गेला.

“साहेब, त्यांना सोडा. मला ठेवा. सगळं माझं आहे. त्यांना त्यातलं काही समजत नाही, त्यांना फक्त पंक्चर काढता येते.”

“तुम्हालाही विचारायचंच आहे,” साहेब म्हणाला. “आधी त्यांना.”

गाडीत बसताना खुशालनं लीलाबाईकडं पाहिलं आणि एवढंच म्हणाला, “बाबूले पानी पाजत राय.”

पाणी पाजूनही काही उपयोग नव्हता. सकाळपासून दुखणं मांड्यांतून वर सरकत होतं, संध्याकाळ व्हायच्या आत ते छातीत आलं. श्वास घेतला की बरगड्यांत सुरी फिरायची. चौकीतल्याच एका महिला शिपायानं त्याच्या खिशातलं लाल कार्ड पाहिलं, मुन्नालालला हाक मारली आणि लीलाबाईला दटावलं, “बाई, याले आता इथून घेऊन जा. हा माणूस मरन.” बापाला नेलेल्याच रस्त्यानं पोराला गोंदियाच्या दवाखान्यात नेलं.

पुढचे दिवस त्याला तुकड्या-तुकड्यांत आठवतात. तोंडावर ऑक्सिजन, शिरेत दुसऱ्याचं रक्त, उशाशी आई. त्याच शहरात कुठंतरी बाप. लीलाबाई सकाळी पोराला पेज पाजून बापाला भेटता येतं का पाहायला जाई आणि दुपारी रिकामी परत येई. “भेटू नाई देत,” म्हणे. एकदा लांबून दिसला होता. “सुकले. सारखं तेच विचारून रायले म्हनते. मारत नाई म्हनाले. पन झोपू देत नाई.”

मुन्नालालचा फोन मागून संघदीपनं योहानाला लिहिलं. चुका करत, जे घडलं ते सगळं. काहीतरी कर, असं लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तिच्याकडं काही मागितलं.

तिनं केलं. खूण वापरणाऱ्या सगळ्यांना तिनं सांगितलं आणि देशोदेशींहून पोलिसांना ईमेल सुरू झाले. हा माणूस निर्दोष आहे, हा खेळ निरुपद्रवी आहे, आम्ही सगळे खेळतो. कुणी स्वतःच्या पोरांचे डबा शोधतानाचे फोटो पाठवले. संघदीपला वाटलं, सुटलो. दुसऱ्याच दिवशी दोन अधिकारी त्याच्या खाटेशी येऊन उभे राहिले.

“इतक्या देशांतले लोक तुम्हाला ओळखतात कसे? एका पंक्चरवाल्याला धरलं तर फिनलंडला कसं कळतं? तुम्हीच कळवलंत ना?”

त्याच्या तोंडावरचा मास्क धुक्यानं भरून गेला. “हो,” तो म्हणाला. बापाची सुटका आणखी लांबली ती त्या ‘हो’मुळे, असं त्याला आजही वाटतं.

त्याच आठवड्यात दुसरा घाव बसला. ज्या वेबसाइटवरून डब्यांची माहिती येई तिनं आपली पद्धत बदलली आणि खूण जगभर एकाच वेळी बंद पडली. दुरुस्ती तशी किरकोळ होती, योहानानं ती बसल्या बैठकीत करून ठेवली. पण नवी आवृत्ती लोकांच्या फोनवर पोचवायची तर तिच्यावर मूळ लिहिणाऱ्याची सही लागते. ती सही म्हणजे एक गुप्त फाइल, कुलपाच्या किल्लीसारखी, आणि ती फक्त संघदीपच्या लॅपटॉपमध्ये होती. लॅपटॉप पोलिसांच्या कपाटात. दुसरी प्रत त्यानं कुठं ठेवली नव्हती. ती पेनड्राइव्हवर घ्यायचं त्यानं कितीदा ठरवलं होतं, आणि दर वेळी दुखण्यानं किंवा कामानं ते पुढं गेलं होतं. लोक चिडले, मग कंटाळले, मग दुसरे प्रोग्रॅम घ्यायला लागले. योहानानं फार जपून लिहिलं. आपण हेच काम दुसऱ्या नावानं, नव्या सहीनं सुरू करू का? तुझी हरकत असेल तर नको.

संघदीपनं ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्याला नोकरी नव्हती, लग्न झालं नव्हतं, चार पावलं धड चालणं नव्हतं. माझं म्हणून दाखवण्यासारखं होतं ते एवढंच. सुई टोचलेला हात त्यानं उचलला, ‘कर’ असं लिहिलं, आणि भिंतीकडं तोंड केलं. लीलाबाईला वाटलं दुखतंय. तिनं पाठ चोळायला घेतली.

बापाला शेवटी कशानं सोडलं म्हणाल तर मोठं असं काही घडलं नाही. उडवलेल्या डब्याच्या तुकड्यांचा अहवाल आला. त्यात रबर, प्लॅस्टिक, कागद आणि पेन्सिलीचं लाकूड, दुसरं काही नाही. ग्रामपंचायतीतल्या भूमेश्वरीबाई टेंभरे स्वतःहून गोंदियाला गेल्या आणि साहेबासमोर बसून म्हणाल्या, “या मानसाले मी लहानपनापासून ओळखतो जी. अख्ख्या गावाच्या चाकात हवा भरते हा. तुमच्या जीपचंही चाक यानंच जोडलं असन, आठवून पाहा.” गुन्हा काही दाखल झाला नाही. विनापरवानगी जंगलात वस्तू ठेवल्याबद्दल समज दिली, कागदावर सही घेतली आणि दारातून बाहेर काढलं. दारात न्यायला लीलाबाई एकटी होती.

घरी आलेला खुशाल तोच होता आणि नव्हताही. तो कुणावर रागावला नाही, रडला नाही, आत काय झालं ते त्यानं सांगितलं नाही. संघदीप दवाखान्यातून आला तेव्हा खुशालनं त्याला धरून ओट्यावर चढवलं, उशी दिली आणि बाजूला बसून राहिला.

“बाबा, माझ्यानं झालं हे.”

“नाई गा.”

“मी तुम्हाला पाठवायला नको होतं.”

“मीच म्हटलो होतो, जातो म्हनून,” खुशाल म्हणाला. मग त्याची उशी सारखी करत, “मले तं वाटलं का तुले काई झालं तं मी तितंच असन. आनि मले कोनी सांगनार नाई.”

दुकान उघडलं, पण लोक हवा भरायला बसस्टँडच्या दुसऱ्या टोकाला जाऊ लागले. उघड कुणी काही म्हणत नसे. गाडी ढकलत समोरून न्यायचे, बस्स. मुन्नालाल तेवढा रोज कडक चहा आणून द्यायचा आणि मोठमोठ्यानं बोलत बसायचा, रस्त्यानं जाणाऱ्यांना ऐकू जावं म्हणून. मोहफुलांचे दिवस आले आणि गेले, खुशाल रानात गेला नाही. फोनला हात लावेना. वाजला तरी लीलाबाईला हाक मारी.

लॅपटॉप पावसाळा उलटल्यावर मिळाला. बंद खोलीतल्या ओलाव्यानं आत पांढरी बुरशी चढली होती. गोंदियाच्या दुरुस्तीवाल्यानं तो उघडला, फुंकला, आणि संघदीपच्या हातात परत देत म्हणाला, “भैया, इसमें कुछ नहीं बचा.” सहीची फाइल गेली. खूण नावाचा प्रोग्रॅम आता कुणालाच पुन्हा जिवंत करता येणार नव्हता. योहानाचा नवा प्रोग्रॅम चांगला चालला होता. त्याच्या माहितीच्या पानावर तिनं संघदीपचं नाव सगळ्यांत वर ठेवलं होतं. जुन्या कॉम्प्युटरवर बसून तोही त्यात अधूनमधून एखादी चूक दुरुस्त करून पाठवायचा. दाट झाडीतल्या बाणाची ती तोड तिनं आहे तशी घेतली होती, आणि ती बरोबर निघाली. लोकांनी तसं लिहिलं. ते वाचून त्याला काहीच वाटलं नाही, आणि काही वाटत नाही याची त्याला भीती वाटली.

डिसेंबरात खुब्याच्या ऑपरेशनचं विचारायला बापलेक नागपूरला गेले. डॉक्टरांनी पुढची तारीख दिली. परतीच्या गाडीला अवकाश होता आणि दवाखान्याजवळच्या बागेत एक डबा लपवलेला आहे हे संघदीपला ठाऊक होतं. इतकी वर्षं या खेळासाठी राबून त्यानं एकही डबा स्वतःच्या हातानं शोधला नव्हता. तो बापाला म्हणाला, “दहा मिनिटं बसू बागेत.” का ते सांगितलं नाही.

खुशाल बाकावर बसला. संघदीप कुबडी टेकत निघाला. फोनवरचा बाण थोडा हलला, मग स्थिर झाला. कुंपणाकडची एक कडुनिंबाची ओळ, तिच्या शेवटी सिमेंटचा जुना ओटा, त्याच्या फटीत काहीतरी करडं. वाकता येत नव्हतं म्हणून तो कुबडीला धरून हळूहळू खाली बसला, फटीत हात घातला. बोटांना झाकण लागलं.

मागं कुणाचा तरी आवाज झाला म्हणून त्यानं वळून पाहिलं. खाकी कपड्यांतला बागेचा रखवालदार रमतगमत चालला होता, बिडी शोधत खिसे चाचपत. त्याचं कुणाकडंच लक्ष नव्हतं. पण बाकापाशी खुशाल ताठ उभा राहिला होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. शर्टाच्या आतल्या खिशातून त्यानं आधार कार्ड काढून दोन्ही हातांत धरलं होतं, समोर, कुणी मागायच्या आधीच, आणि ओठ हलत होते. रखवालदारानं त्याच्याकडं जरा नवलानं पाहिलं आणि तो पुढं निघून गेला.

संघदीपनं फटीतून हात काढून घेतला. उठायला त्याला वेळ लागला. तो बापाजवळ आला तेव्हाही कार्ड तसंच समोर धरलेलं होतं. ते त्यानं हळूच सोडवून घेतलं आणि बापाच्या खिशात घातलं.

“चला बाबा. गाडीची वेळ झाली.”

“काई म्हने का तो?”

“नाही. बिडी शोधत होता.”

दोघं फाटकाकडं निघाले. कोण कुणाला धरून चाललं आहे ते बघणाऱ्याला सांगता आलं नसतं. रस्ता ओलांडून संघदीपनं दोन चहा सांगितले. खुशालच्या हातातला ग्लास इतका कापत होता की अर्धा चहा बाहेर सांडला. संघदीपनं आपल्या ग्लासातला त्याच्यात ओतला आणि तो पिऊन होईपर्यंत ग्लासाला खालून हात लावून उभा राहिला.